याचिका लिहिताना मुलाचा विचार व्हावा : ठाणे आणि नवी मुंबईतील वकिलांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबई परिसरात कौटुंबिक दावे चालवणारे सर्व वकील बंधुभगिनी

सस्नेह नमस्कार.

आईवडिलांच्या घटस्फोटाचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, या विषयावरचा उपदेश बहुतेक वेळा आईवडिलांनाच केला जातो. शाळा त्यांना बोलावून घेते, समुपदेशक त्यांच्याशी बोलतात आणि नातेवाईक तर न विचारताही सांगत असतात. पण या सल्ल्याची खरी गरज ज्या काळात असते, नेमक्या त्याच काळात आईवडील कोणाचे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतात. त्या दिवसांत दोघेही एकाच माणसाचे शब्द कान देऊन ऐकतात आणि तो म्हणजे त्यांचा वकील. म्हणून हे पत्र मी आईवडिलांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

मी ठाण्यात शालेय समुपदेशक म्हणून काम करते. घोडबंदर रस्त्यावरच्या, कळव्याच्या, ऐरोलीच्या मुलांशी माझा नित्याचा संबंध येतो. शाळा सोडून गेलेली काही मुले पुढे पंचविशीत, तिशीतही भेटायला येतात, त्यामुळे घरातल्या एखाद्या खटल्याचे पडसाद किती वर्षे उमटत राहतात हे मला जवळून पाहायला मिळते. या मुलांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी इथे लिहिताना कोणाचीही ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. माझे म्हणणे थोडक्यात इतकेच आहे : आईवडील वेगळे झाल्यामुळे मुलाचे जे नुकसान होते, त्यातला फार मोठा भाग ते वेगळे कसे झाले यावर अवलंबून असतो, आणि हे 'कसे' ठरवण्यात आपला वाटा आपल्याला स्वतःला वाटत असेल त्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे.

ही केवळ माझी भावना नाही. घटस्फोटित कुटुंबांतील मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारे अभ्यास प्रामुख्याने अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये झाले आहेत. मेव्हिस हेदरिंग्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सुमारे 1400 कुटुंबांचा अभ्यास केला, त्यांतल्या काहींचा तर जवळपास तीन दशके. त्यांना असे आढळले की घटस्फोटित घरांतल्या 20 ते 25 टक्के मुलांना गंभीर भावनिक किंवा सामाजिक अडचणी येतात, तर ज्या घरांत घटस्फोट झालेला नाही तिथे हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास असते. या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहायला हवे. धोका दुप्पट किंवा त्याहून अधिक आहे, हे खरे. पण घटस्फोट झालेल्या घरांतली पंचाहत्तर ते ऐंशी टक्के मुले सावरतात, हेही तितकेच खरे. मग कोणती मुले सावरतात आणि कोणती नाही, हा प्रश्न उरतो, आणि माझ्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे.

त्याच्या उत्तराच्या दिशेने जाणारे दोन अभ्यास मला फार महत्त्वाचे वाटतात. अँड्र्यू चर्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतील मुलांची आईवडील वेगळे होण्याआधीची आणि नंतरची माहिती ताडून पाहिली. तेव्हा दिसले की ज्या अडचणी घटस्फोटाच्या खात्यावर मांडल्या जातात त्यांचा मोठा भाग, विशेषतः मुलग्यांच्या बाबतीत, घर मोडण्याच्या आधीपासूनच दिसत होता. पॉल अमाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये याच्या पुढचा प्रश्न विचारला : घरातली भांडणे तीव्र असतील तर मुलांचे काय होते आणि सौम्य असतील तर काय होते? जिथे सतत कडाक्याची भांडणे होती तिथे आईवडील वेगळे झाल्यावर मुले पुढे तुलनेने बऱ्या स्थितीत होती. जिथे भांडणे फारशी नव्हती तिथे मात्र घटस्फोटाने मुलांना जास्त इजा झाली. याचा अर्थ असा की मुलाला खरे पोखरते ते भांडण, आणि घटस्फोटाने मुलाचे काही भले व्हायचे असेल तर त्याने हे भांडण संपले पाहिजे. आपल्याकडच्या खटल्यांत नेमके हेच घडत नाही. घरातले भांडण न्यायालयात जाते, तिथे त्याला क्रमांक मिळतो, तारखा मिळतात आणि ते आणखी चार-सहा वर्षे जिवंत राहते.

हे सगळे अभ्यास परक्या समाजातले आहेत, तेव्हा ते जसेच्या तसे ठाण्याला लागू करता येणार नाहीत, असे कोणी म्हटले तर मी ते मान्य करीन. आपल्याकडे आजी-आजोबा, मामा, आत्या, काका यांचे जाळे असते, त्याचा मुलाला आधारही होतो आणि काचही होतो. शिवाय 2011 च्या जनगणनेत घटस्फोट न घेता विभक्त राहणाऱ्यांची संख्या घटस्फोटितांच्या दुपटीहून अधिक होती. म्हणजे वर्षानुवर्षे अधांतरी राहिलेल्या घरांत वाढणारी मुले आपल्याकडे जास्त आहेत. त्यामुळे भांडण लांबण्याचा मुद्दा आपल्याला अधिकच लागू पडतो, असे माझे मत आहे.

आता मला जे दिसते ते सांगते.

सहावीतला एक मुलगा एका शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर पोटात दुखते म्हणून आजारी मुलांच्या खोलीत येऊन पडायचा आणि पुढच्या शुक्रवारी ठणठणीत असायचा. डॉक्टरांना तपासणीत काही सापडले नाही. त्याचे वडील नेरुळला राहत होते आणि एक आड एक शनिवारी त्याला भेटीसाठी घेऊन जात. ठाणे स्थानकात ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर आई त्याला सोडायला यायची आणि वडील न्यायला यायचे. या भेटीच्या वेळी दोघांच्याही हातात मोबाइल असायचा आणि दोघेही चित्रण करायचे, कारण दोघांनाही तसे करायला सांगितलेले होते. मुलगा वडिलांकडे जायला नाखूश असतो हे एका बाजूला दाखवायचे होते आणि तो आनंदाने येतो हे दुसऱ्या बाजूला. त्या मुलाने मला सांगितले, "मी हसलो तर ते बाबांच्या व्हिडिओत येतं आणि रडलो तर आईच्या. म्हणून मी काहीच करत नाही." अकरा वर्षांच्या मुलाने चेहरा कोरा ठेवायची सवय स्वतःला लावून घेतली होती. वर्गातही तो तसाच बसायचा, खेळाच्या तासालाही तसाच. शिक्षकांच्या मते तो अत्यंत शांत आणि समजूतदार मुलगा होता. मला मात्र त्याची काळजी वाटत होती, कारण भावना दिसू न देणे हे ज्याने इतक्या लहान वयात जमवले, त्याला त्या ओळखायला पुढे फार वेळ लागतो.

दीर्घकालीन परिणाम म्हणजे नेमके काय, असे मला पालकसभेत विचारले जाते. लोकांच्या डोळ्यांसमोर परीक्षेत नापास होणे, व्यसन, चिडखोरपणा अशा ठळक गोष्टी असतात. त्या घडतातही. पौगंडावस्थेत नैराश्य आणि चिंतेचे विकार, झोप उडणे, अभ्यासातून लक्ष उडणे, हे सारे दिसते. पण मोठ्या संख्येने मुले असे काहीही दाखवत नाहीत. ती परीक्षा पास होतात, नोकरीला लागतात, घरातल्या एकट्या पालकाची उत्तम काळजी घेतात आणि दुःख मात्र आत बाळगून असतात. रॉबर्ट एमरी आणि त्यांच्या सहकारी लिसा लॉमन-बिलिंग्ज यांनी 2000 साली हीच गोष्ट महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून मांडली. घटस्फोटित घरांतली ही मुले बाहेरून व्यवस्थित होती, शिकत होती. तरी त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी आपले लहानपण इतरांपेक्षा कठीण गेल्याचे सांगितले. ज्यांचे आईवडील एकत्र होते त्यांच्यात असे म्हणणारे पुष्कळच कमी होते. विकार नसला म्हणजे वेदना नसते, असे नाही. आपल्याकडे तर मुलीने किंवा मुलाने 'समजून घेतले' की तिचे किंवा त्याचे कौतुक होते आणि विषय मिटला असे सगळे धरून चालतात.

हा विषय पुन्हा वर येतो तो बहुधा लग्नाच्या वेळी. स्थळ सांगून येते तेव्हा वडील काय करतात, कुठे असतात, हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो. पत्रिकेत निमंत्रक म्हणून कोणाचे नाव घालायचे, कन्यादान कोणी करायचे, वडिलांकडच्या आजीला बोलावले तर आई मांडवात उभी राहील का, या प्रश्नांची उत्तरे त्या मुलीलाच शोधावी लागतात. ज्या दिवसांत ती आनंदात असायला हवी, त्या दिवसांत ती पुन्हा दोन पक्षांच्या मध्ये उभी असते.

माझ्या ओळखीची अशी एक मुलगी आहे. ऐरोलीला एका कंपनीत चांगल्या पदावर काम करते. ठरत आलेली लग्ने तिने स्वतःच मोडली, कारण विचारले तर 'जमणार नाही असं वाटलं' एवढेच सांगायची. पुष्कळ दिवसांनी तिने मला सांगितले की घर बदलताना कपाटाच्या वरच्या खणात तिला आईवडिलांच्या खटल्याची फाइल सापडली होती आणि ती तिने रात्रभर बसून वाचली. वडिलांच्या याचिकेत एक परिच्छेद तिच्याविषयी होता : मुलीला ताप असताना आई तिला घरी एकटी टाकून निघून गेली, अशी त्यात तारीख-वार घटना होती. त्या आजारपणातली आई तिला चांगली आठवत होती. रात्रभर उशाशी बसलेली, कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवणारी. आता तिच्यापुढे दोनच शक्यता उरल्या. एकतर वडिलांनी शपथेवर खोटे लिहिले किंवा तिची स्वतःची आठवण खोटी. वडिलांवर तिचा जीव होता. त्यामुळे ती कितीतरी दिवस दुसऱ्या शक्यतेचाच विचार करत राहिली. आपल्या लहानपणातले काय खरे आणि काय आपण मनाने रचले, हे तिला ठरवता येईना. जवळच्या माणसावर विश्वास टाकायचा तर आधी स्वतःच्या आठवणींवर विश्वास असावा लागतो, आणि तिचा तोच पाया हलला होता.

तो परिच्छेद वडिलांच्या सांगण्यावरून कोणीतरी लिहिला होता. ज्याने लिहिला त्याच्या दृष्टीने तो मुलीच्या ताब्याचा अर्ज भक्कम करणारा एक मुद्दा असेल, आणि बहुधा पुढच्या आठवड्यात तो विसरलाही गेला असेल. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 11 खाली कामकाज बंद दाराआड चालवता येते आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 ने ते छापून प्रसिद्ध करायलाही मनाई आहे, हे मला ठाऊक आहे. जगापासून ही कागदपत्रे सुरक्षित आहेत. पण ज्याच्याविषयी ती आहेत ते मूल मोठे होऊन त्याच घरातल्या कपाटात हात घालणार असते, आणि त्याच्यापासून कोणतेही कलम त्यांना लपवू शकत नाही.

म्हणून आपल्याला माझी पहिली आणि सर्वांत कळकळीची विनंती याचिकेतल्या भाषेविषयी आहे. भारतीय वकील परिषदेच्या व्यावसायिक आचारसंहितेत असा स्पष्ट नियम आहे की वकिलाने पक्षकाराचे केवळ मुखपत्र न होता स्वतःचा विवेक वापरावा, पत्रव्यवहारात संयमित भाषा ठेवावी आणि कैफियतीत बदनामीकारक हल्ले टाळावेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6, नियम 16 ने तर अनावश्यक आणि निंदाव्यंजक मजकूर काढून टाकण्याचा अधिकार न्यायालयाला दिला आहे. म्हणजे मी जे मागते आहे ते आपल्या व्यवसायाने स्वतःच स्वतःवर घालून घेतलेले बंधन आहे. समोर बसलेला पक्षकार दुखावलेला असतो, त्याला सगळे काही लिहून हवे असते, आणि त्याच्या फीमधून आपले घर चालते, हे सारे समजते. तरीही दाव्याचा निकाल ज्या आरोपावर अवलंबून नाही तो आरोप, विशेषतः मुलाला साक्षीला ओढणारा, आपण गाळलात तर पक्षकाराचे काहीही बिघडत नाही. मसुदा सहीला देण्याआधी 'हे तुमचा मुलगा वीस वर्षांचा झाल्यावर वाचेल, चालेल का?' असे एकदा विचारून पाहा. माझ्या अनुभवात रागावलेला बापसुद्धा या प्रश्नापाशी थांबतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण माझ्या म्हणण्याचा गैरवापर होऊ नये. ज्या घरात मारहाण आहे, छळ आहे, मुलावर अत्याचार झाला आहे, तिथे संयमित भाषेच्या नावाखाली सत्य सौम्य करू नये. ते पूर्ण, तपशिलाने आणि निर्भयपणे मांडले गेले पाहिजे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्याच्या कलम 21 मध्ये मुलाचा तात्पुरता ताबा देण्याची आणि भेट मुलाला घातक ठरेल असे दिसल्यास ती नाकारण्याची तरतूद आहे, आणि ती योग्यच आहे. हिंसक घरातून बाहेर पडणे मुलाच्या मनासाठी उपकारक असते, हे वर सांगितलेल्या अभ्यासांतूनही दिसते. अशा स्त्रीला 'मुलांकडे बघून जुळवून घे' असा सल्ला कोणी देत असेल तर तो मुलाच्या हिताचा नाही, हे मी तितक्याच ठामपणे सांगेन. माझा आक्षेप आहे तो ठरावीक साच्यातल्या आरोपांना, जे एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत जातात आणि ज्यांमुळे खऱ्या पीडितेचे म्हणणेही त्याच साच्यातले वाटू लागते.

दुसरी गोष्ट वेळेची. मोठ्यांच्या दृष्टीने तीन महिन्यांनंतरची तारीख म्हणजे पुढची तारीख. चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने तीन महिने हा इतका मोठा काळ असतो की त्यात तो न दिसणाऱ्या माणसाचा आवाज विसरू लागतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 मध्ये 2001 साली झालेल्या दुरुस्तीने मुलांची पोटगी आणि शिक्षण यांविषयीचे अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावेत, असे म्हटले आहे. भेटीच्या अर्जाला त्या कलमात अशी मुदत नाही. त्यामुळे भेटीचा अंतरिम अर्ज लवकर चालवायचा की 'म्हणणे मांडायला वेळ मिळावा' म्हणून पुढे ढकलायचा, हे बऱ्याचदा दोन वकिलांच्या हातात असते. भेट थांबवून ठेवली की समोरचा पक्ष पोटगीच्या रकमेवर नरम येतो, हा हिशेब प्रत्यक्षात केला जातो, हे आपणही जाणता. त्या तहकुबीच्या काळात मुलाच्या मनात काय घडते ते मी पाहते. आधी ते विचारते, मग रुसते, मग स्वतःचीच एक समजूत करून घेते की बाबांना, किंवा आईला, मी नको आहे. नंतर भेट सुरू झाली तरी ती समजूत सहजासहजी जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात दोन्ही पालकांचे प्रेम आणि सहवास हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क असल्याचे म्हटले आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तिथे व्हिडिओ कॉलवरून संपर्काचाही विचार सांगितला. निदान तेवढे तरी, हिंसाचाराचा प्रश्न नसेल तिथे, पहिल्या तारखेलाच परस्परसंमतीने सुरू करता येईल. त्यासाठी कोणत्याही पक्षाला आपला मुद्दा सोडावा लागत नाही.

मुलाला न्यायाधीशांसमोर नेण्याविषयीही थोडे लिहिते. पालक आणि पाल्य कायदा 1890 चा. त्याच्या कलम 17 मध्ये मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंती विचारात घेता येते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचा अनुच्छेद 12 मुलाचे म्हणणे ऐकले जावे असे सांगतो आणि भारताने ती संहिता 1992 मध्ये स्वीकारली आहे. मुलाचे ऐकले जावे, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण ऐकले जाणे वेगळे आणि निवड करायला लावणे वेगळे. आदल्या रात्री घरी पाठ करून घेतलेली उत्तरे देऊन आलेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येते तेव्हा आपण कोणाला तरी दगा दिला आहे, अशी त्याची भावना असते. ती अपराधीपणाची भावना मी पंचविशीतल्या तरुणांमध्ये पाहिली आहे : "मी आईचं नाव घेतलं म्हणून बाबा एकटे पडले." ज्या पालकाच्या विरुद्ध बोलायला लावले तो पालक पुढे आजारी पडला किंवा वारला, तर हे ओझे आयुष्यभराचे होते. आपल्या पक्षकाराला एवढेच सांगा की मुलाशी या विषयावर आदल्या दिवशी काहीही बोलू नका, आणि बोललात तर त्याने आपले नुकसान होईल. मुलाला पढवलेले असले की ते अनुभवी न्यायाधीशांच्या सहज लक्षात येते, त्यामुळे हा सल्ला खटल्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचाच आहे. 2017 च्या विवेक सिंह विरुद्ध रोमानी सिंह या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलाला एका पालकाविरुद्ध फितवण्याच्या दुष्परिणामांची सविस्तर दखल घेतली आहे. तो निकाल पक्षकाराच्या हाती वाचायला देण्यासारखा आहे.

मध्यस्थीला बरेच लोक वेळकाढूपणा मानतात, म्हणून एमरी यांच्याच आणखी एका अभ्यासाचा उल्लेख करते. ताब्यावरून वाद असलेल्या काही कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून एका गटाला मध्यस्थी देऊ केली गेली आणि दुसरा गट नेहमीच्या मार्गाने न्यायालयात गेला. मध्यस्थी सरासरी पाच-सहा तासांचीच होती. बारा वर्षांनंतर पाहिले तेव्हा मध्यस्थी झालेल्या गटात, मुलापासून वेगळे राहणाऱ्या पालकांपैकी दहांतले जवळपास तिघे आठवड्यातून एकदा तरी मुलाला भेटत होते. न्यायालयात लढलेल्या गटात दहांत एकही पुरता भरत नव्हता. पाच-सहा तासांचा बारा वर्षांवर परिणाम होतो, यावर माझा विश्वास बसतो, कारण पहिल्या काही आठवड्यांत दोघांनी एकमेकांशी कोणत्या सुरात बोलायचे हे एकदा ठरले की तोच सूर पुढे टिकतो. आपल्याकडे 2023 चा मध्यस्थी कायदा आहे, जिल्हा न्यायालयात मध्यस्थी केंद्र आहे. तिथे पक्षकाराला पाठवताना 'एक औपचारिकता उरकून या' असे सांगितले गेले तर ती औपचारिकताच होते.

आता कन्सेंट टर्म्सविषयी, म्हणजे दोन्ही पक्षांनी संमतीने न्यायालयात दिलेल्या करारातल्या अटींविषयी, कारण तिथे आपली लेखणी थेट मुलाचे वेळापत्रक ठरवते. अर्धी दिवाळी, अर्धी मे महिन्याची सुट्टी आणि एक आड एक शनिवार-रविवार, हा मजकूर बहुतेक करारांत सारखाच असतो. ठाण्यातल्या कितीतरी मुलांचे वर्ष गणपतीत कोकणातल्या गावी जाण्याभोवती फिरते, आणि करारात गणपतीचा उल्लेखच नसतो. मग ज्याच्याकडे ताबा नाही त्याच्या गावचे घर, तिथली आजी, आरतीला जमणारी चुलत भावंडे, हे सगळे एका वर्षात मुलाच्या आयुष्यातून पुसले जाते. याची कोणी मुद्दाम योजना केलेली नसते. लिहायचे राहून गेलेले असते. सख्ख्या काकाचे लग्न, मावसभावाची मुंज, आजोबांचे आजारपण, यांसाठी एक साधे कलम घालता येते. विधी आयोगाने 2015 मध्ये दिलेल्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याबरोबरच पालकत्वाचा आराखडा कसा असावा आणि आजी-आजोबांच्या सहवासाचे काय, याचीही मार्गदर्शक तत्त्वे सुचवली होती. कायदा झाला नाही म्हणून ती तत्त्वे करारात वापरायला कोणतीही आडकाठी नाही.

त्याच करारात मुलाला कुठे सोडायचे आणि कुठून घ्यायचे, हेही नीट लिहा. रेल्वेचा फलाट, पोलीस चौकी, सोसायटीचे फाटक, या जागा मुलासाठी चांगल्या नाहीत. फलाटावर लोक बघतात, चौकीत भीती वाटते आणि फाटकापाशी शेजाऱ्यांच्या नजरा असतात. शक्य असेल तिथे शुक्रवारी एकाने शाळेत सोडावे आणि दुसऱ्याने शाळेतून न्यावे. त्यामुळे दोघांना समोरासमोर यावेच लागत नाही आणि मुलाला निरोप घ्यावा लागत नाही. दोन्ही पालकांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक शाळेकडे असतील, दोघांनाही प्रगतिपुस्तक पाहता येईल आणि पालकसभेला स्वतंत्र वेळ मिळेल, एवढे करारात असले तर शाळांचे काम फार सोपे होते. सध्या ज्या पालकाकडे ताबा आहे त्याच्या तोंडी सूचनेवर शाळा चालतात, आणि दुसरा पालक फाटकापाशी येऊन भांडतो तेव्हा ते भांडण मुलाच्या वर्गमित्रांसमोर होते. मारहाणीच्या प्रकरणात अर्थातच हे सगळे लागू नाही. तिथे शाळेला न्यायालयाच्या आदेशाची प्रत तातडीने द्यावी.

आणि निकालानंतर काय? बहुतेक फाइली निकालाच्या दिवशी बंद होतात. मूल मात्र त्या दिवशी सात वर्षांचे असते. त्याला अजून पाचवी, दहावी, महाविद्यालय, नोकरी आणि स्वतःचा संसार, असे सगळे बाकी असते. सात वर्षांच्या मुलासाठी ठरवलेली भेट चौदा वर्षांच्या मुलाला जाचक वाटते. त्याला क्रिकेटचा सराव असतो, शिकवणी असते, मित्र असतात, आणि तो भेटीला जायला नको म्हणाला की दोन्ही घरांत पुन्हा संशय सुरू होतो. कलम 26 ने निकालानंतरही मुलांविषयीचे आदेश वेळोवेळी बदलण्याची सोय ठेवली आहे, पण तिच्यासाठी नव्याने अर्ज, नव्याने फी आणि नव्याने आरोप, असे चक्र सुरू होते. त्यापेक्षा मूल दहा वर्षांचे झाल्यावर आणि पुन्हा चौदा वर्षांचे झाल्यावर दोन्ही पालकांनी मध्यस्थासमोर बसून भेटीचा फेरविचार करावा, असे कलम मूळ करारातच घालता येईल. त्याच कलमात मुलाला गरज वाटल्यास समुपदेशन घेण्याची मुभा आणि त्याचा खर्च कोणी करायचा तेही लिहून ठेवावे. आज अनेक मुलांचे समुपदेशन मध्येच थांबते ते केवळ एका पालकाने 'माझ्याविरुद्ध पुरावा तयार होतो आहे' अशी हरकत घेतल्यामुळे. समुपदेशकाच्या नोंदी दोन्ही पक्ष न्यायालयात मागवणार नाहीत, अशी परस्परहमी करारात असली तर मूल आमच्यापुढे मोकळेपणाने बोलू शकेल. माझ्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडेल असे एकच वाक्य सुचवायला सांगितले तर मी हे वाक्य सुचवीन.

कौटुंबिक न्यायालय कायदा 1984 चा. त्याच्या कलम 13 ने या न्यायालयांत वकिलाची मदत हा पक्षकाराचा हक्क म्हणून मानलेला नाही, कारण हे वाद लढाईसारखे लढवले जाऊ नयेत, अशी त्यामागची अपेक्षा होती. प्रत्यक्षात परवानगीने वकील असतातच, आणि चांगला वकील असला की पक्षकाराचा राग कमी होतो, हेही मी पाहिले आहे. ठाण्यातल्याच एका वकीलबाईंनी आपल्या पक्षकाराला पहिल्याच भेटीत शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला भेटून यायला सांगितले होते. त्या मुलीचे आईवडील वेगळे झाले, मुलगी दोन्ही घरांत राहते आणि व्यवस्थित शिकते आहे. त्या बाईंचे नाव मी इथे देत नाही, पण त्या हे पत्र वाचत असतील तर त्यांचे मनापासून आभार मानते.

नव्या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच शाळांची परीक्षा, सहली आणि सुट्ट्यांची वेळापत्रके ठरतात. आपल्याकडे एखाद्या करारनाम्याचा मसुदा सुरू असेल तर पक्षकाराकडून मुलाच्या शाळेचे ते वेळापत्रक मागवून घ्यावे आणि भेटीच्या तारखा त्याच्याशी पडताळून पाहाव्यात. एखादे मूल फार गप्प झाले आहे, जेवत नाही किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करते आहे, असे पक्षकाराने बोलता बोलता सांगितले तर ते अर्जातल्या मुद्द्यासाठी टिपून न ठेवता त्याच क्षणी त्याला 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक द्यावा. तो चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. लहान मुलांसाठी 1098 हा मदतीचा क्रमांक आहेच. आपल्या संघटनेने बोलावले तर ठाणे आणि नवी मुंबईतल्या आम्ही काही शालेय समुपदेशक शनिवारी दुपारी येऊन वर सुचवलेल्या कलमांचा मसुदा आपल्याबरोबर बसून तयार करायला तयार आहोत.

आपली नम्र,
एक शालेय समुपदेशक, ठाणे